रस्त्याची तक्रार करायची तर आधी दगड वाचा

मुलुंडला आमच्या सोसायटीत कुणाची बाइक खड्ड्यात आपटली की बेल माझ्या दाराची वाजते. मी 31 वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली, त्यातली बहुतेक लेखा शाखेत. त्यामुळे लोकांना वाटतं, मी फोन केला की डांबर येईल. निवृत्त बाईच्या फोनवर चहासुद्धा येत नाही! पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे मला पाठ आहे.

सगळ्यात आधी रस्ता कुणाचा ते शोधा. मुंबईतले बहुतेक रस्ते पालिकेचे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पासून पालिकेकडे आहेत, त्याआधी ते एमएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होते. वांद्रे-वरळी सी लिंक आणि पुण्याचा एक्स्प्रेसवे एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा. वाशीची खाडी ओलांडून सायन-पनवेल महामार्गाला लागलात की तुम्ही आमच्या खात्याच्या हद्दीत. गोव्याच्या वाटेची तर गंमतच आहे. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरपासून झारापपर्यंतचा आमच्या खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. (हे रायगडातलं इंदापूर, पुण्याकडचं नव्हे.) गणपतीत गावी जाताना शिव्या घालायच्याच असतील तर इंदापूरला पत्ता बदला.

गावाकडे साधारण असं असतं: राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. इथेच लोक चुकतात. गेल्या वर्षी संगमेश्वराकडच्या आमच्या गावाहून पुतण्याचा फोन आला. "काकू, तीन कचेऱ्यांत अर्ज दिला, तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं." मी विचारलं, रस्त्याचा नंबर काय? म्हणाला, "बाजारपेठेतून देवळाकडे जातो तो." असा अर्ज कुठल्याही टेबलावरून अलगद परत येतो. कारकुनाचा त्यात दोष नसतो. फायलीत 'देवळाकडे जातो तो' नावाचा रस्ता नसतो.

म्हणून गाडीतून उतरा आणि कडेचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. मोठ्या दगडावर किलोमीटर लिहिलेला असतो. दोन मोठ्या दगडांच्या मधे दर 200 मीटरवर छोटे दगड असतात, त्यांच्यावर नुसतं 2, 4, 6, 8. समजा 12 चा मोठा दगड मागे गेला आणि पुढे 4 लिहिलेला छोटा दगड दिसला, तर तुम्ही कि.मी. 12/400 वर उभे आहात. तिथून पावलं मोजा. पुतण्याला मी हेच करायला लावलं. गवतात बुडालेला दगड त्याने काठीने मोकळा केला, रंग उडालेल्या आकड्यावर चिखल चोळला आणि फोटो पाठवला. त्यानंतर अर्जातलं वाक्य असं झालं: 'कि.मी. 12/400 ते 12/650 या लांबीत डाव्या बाजूस खड्डे पडले असून साइडपट्टी खचली आहे.' हे वाचून शाखा अभियंत्याला नकाशा लागत नाही, आणि जागा सापडली नाही असं म्हणायची सोयही उरत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रत्येक शीर्षाला क्रमांक असतो. रस्त्यांसाठी दोन आकडे लक्षात ठेवा: 3054 आणि 5054. पहिला देखभाल-दुरुस्तीचा, दुसरा नव्या बांधकामाचा, रुंदीकरणाचा, पुलांचा. भूमिपूजनाचे नारळ फुटतात ते बहुतेक 5054 चे. 3054 ला नारळ नाही, फलक नाही, म्हणून त्याला वाली कमी. मागितलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम यांत किती अंतर असतं, ते मी दर एप्रिलमध्ये बघत होते. त्यामुळे 'रस्ता नवीन करा' असा अर्ज देऊ नका. तो 5054 च्या रांगेत जातो, म्हणजे आमदारांची शिफारस, मार्चचं बजेट, नाहीतर पुरवणी मागण्या. 'खड्डे भरा, साइडपट्टी भरा, गटार मोकळं करा' असं लिहा. हे 3054 मधून होतं, आणि ते बऱ्याचदा उपविभागाच्या पातळीवरच मार्गी लागतं.

गटाराकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून जरा थांबते. रस्ता पाण्याने मरतो, गाड्या नंतर येतात. एकदा भर पावसात छत्री घेऊन उभे राहा. मधून कडेला उतार असेल तर पाणी बाजूला पळतं. पण साइडपट्टीवर माती साचून ती डांबरापेक्षा उंच झाली की पाणी परत रस्त्यावरच तुंबतं, आणि तिथेच पहिला खड्डा पडतो. कुदळ मारून पाण्याला वाट करून देण्याचा खर्च डांबराच्या मानाने नगण्य. तो फोटो अर्जाला जोडाच.

तिसरी गोष्ट माझ्या टेबलावरची: डीएलपी, म्हणजे दोषदायित्व कालावधी. काम पूर्ण झाल्यावर ठरलेल्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा, आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव खात्याकडे अडकलेली असते. मुदत प्रत्येक कामाच्या करारात लिहिलेली असते, ती तिथेच बघा. रस्ता डीएलपीत असेल तर 'निधी नाही' हे उत्तर चालत नाही, कारण निधी लागतच नाही. एका कचेरीत (नाव सांगत नाही) ठेव परत करायची फाइल माझ्यासमोर आली आणि त्याच आठवड्यात त्याच रस्त्याची खड्ड्यांची तक्रारही आली. दोन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवर पडून होते. मी त्यांना टाचणी लावून वर पाठवले. साहेब माझ्यावर चिडले, पण ठेव थांबली.

करार मिळवायचा तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, कारण आपल्या राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे. 'रस्ता खराब का झाला?' असं विचारू नका, त्यावर निबंध येतो किंवा काहीच येत नाही. कागद मागा: कार्यादेश, करारातलं डीएलपीचं कलम, मोजमाप पुस्तकाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला. कलम 2(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करून नमुनाही घेता येतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टँप.

जुलैमध्ये डांबरीकरण मागू नका. ओल्यावर डांबर धरत नाही, हॉटमिक्सचे प्लँटही बंद असतात. पावसात तात्पुरतं खडी-मुरूम, कोल्ड मिक्स (न तापवता टाकायचं डांबर-खडीचं मिश्रण) किंवा मुंबईत मॅस्टिक (गरम ओतायचं डांबरी मिश्रण) होतं, तेवढंच मागा. पक्कं काम ऑक्टोबरपासून. तेव्हा मात्र बघा, खड्डा चौकोनी कापला का, आतली धूळ झाडली का, टॅक कोट, म्हणजे चिकटायला डांबराचा पातळ हात, मारला का, वर रोलर फिरला का. फावड्याने ढीग टाकून पायाने दाबला असेल तर लगेच व्हिडिओ काढा.

अपघात झाला असेल तर तो वेगळा अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाईचे आदेश दिले आहेत. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

अर्ज हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. मुंबईच्या रस्त्याची तक्रार पालिकेच्या 1916 या फोन नंबरवर केलीत तर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

पुतण्याला सहा आठवड्यांनी उत्तर आलं: 'सदर लांबी दोषदायित्व कालावधीत असून संबंधित ठेकेदारास कळविण्यात आले आहे.' त्याने फोनवर वाचून दाखवलं नि विचारलं, "काकू, आता?" मी म्हटलं, त्या पत्राचा जावक क्रमांक वाच, आणि ठेकेदाराला लिहिलेल्या पत्राची प्रत माग.