सिंगापूरच्या चांगीवर बारा तास कसे काढावेत

मुंबईहून मेलबर्न, सिडनी किंवा ऑकलंडला जाणाऱ्या घरांना सिंगापूरचा थांबा आता सवयीचा झाला आहे. रात्री मुंबईहून निघायचं, साडेपाच तासांनी सकाळी चांगी विमानतळावर उतरायचं आणि पुढचं विमान थेट संध्याकाळी. बहीण मेलबर्नला असल्यामुळे हा थांबा मी नऊ वेळा काढला आहे, त्यातल्या चार वेळा आईला बरोबर घेऊन. दर वेळी निघताना कोणीतरी सांगतंच, "अगं, चांगी म्हणजे नुसती मजा! वेळ कसा जातो कळतसुद्धा नाही." या वाक्यावर विसंबून एकदा माझं विमान सुटलं. लांब थांब्यात वेळ घालवणं अवघड नसतं, वेळेचं भान राखणं अवघड असतं. म्हणून या लेखात बघण्यासारख्या जागांपेक्षा झोपेवर जास्त लिहिलं आहे.

तिकिटाचं आधी बघा

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्या. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर सिंगापूरला बॅगा स्वतः उचलून पुन्हा जमा करायची वेळ येऊ शकते. म्हणजे इमिग्रेशन आलं, म्हणजे व्हिसा आला. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला चिकटवलेल्या टॅगवर शेवटच्या शहराची अक्षरं स्वतः वाचा. मेलबर्नला जात असाल तर तिथे एमईएल हवं. दोन्ही बोर्डिंग पास तिथेच मागून घ्या.

उतरल्या उतरल्या

पडद्यावर पुढच्या विमानाचं टर्मिनल बघा. १, २ आणि ३ एकमेकांना जोडलेली आहेत, चालत जाता येतं किंवा स्कायट्रेन मिळते. ४ नंबरचं टर्मिनल वेगळं आहे, तिथे बसनं जावं लागतं, त्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. मग तोंड धुवा, दात घासा, मोजे बदला आणि फुकटच्या वायफायवरून घरी पोचल्याचं कळवा.

आता झोप

इथेच बहुतेक जण चुकतात, आणि मीही चुकले होते.

सकाळी आठ वाजता चांगीवर पाय ठेवला की उत्साह असतो. समोर बागा, दुकानं, चकचकीत गालिचे. माणूस फिरत सुटतो. पण सिंगापूरच्या आठला आपल्या शरीराचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि रात्रभर खुर्चीत डुलक्याच काढलेल्या असतात. हा उत्साह दुपारी दोन-तीनला संपतो. मग पाठ टेकायला जागा सापडली की माणूस अशा वेळी गाढ झोपतो, जेव्हा पुढचं विमान जेमतेम चार-पाच तासांवर आलेलं असतं.

माझं नेमकं हेच झालं. आई बरोबर होती. विमान संध्याकाळी सात पन्नासचं. दुपारभर फिरून तीनच्या सुमारास आम्हाला पाठ कलंडणाऱ्या दोन लांब खुर्च्या मिळाल्या. मी फोनवर साडेपाचचा गजर लावला आणि ओढणी डोळ्यांवर घेतली. रोमिंगचे पैसे लागू नयेत म्हणून फोन मुंबईपासून फ्लाइट मोडवर होता, फक्त वायफाय चालू. त्यामुळे त्यानं सिंगापूरचं नेटवर्क पकडलंच नाही आणि त्याचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहिलं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझा साडेपाचचा गजर वाजला, तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजले होते.

आई जागीच होती. तिच्या मनगटावर तिचं जुनं एचएमटीचं घड्याळ होतं आणि गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून तिनं ते मुद्दाम भारताच्या वेळेवर ठेवलं होतं. तिनं मधे दोनदा घड्याळ बघितलं, एकदा साडेचार, एकदा सव्वापाच. "दमलीयेस, झोपू दे म्हटलं, अजून वेळ आहे," असं ती मला नंतर म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या दोघींकडे दोन घड्याळं होती आणि दोन्ही एकसारखीच चुकीची होती.

कोणी हाक मारली नाही का, असं सगळे विचारतात. नाही मारली, आणि मारतही नाहीत. चांगीवर विमान सुटण्याच्या शेवटच्या हाका बंद केलेल्या आहेत, विमानतळ शांत राहावा म्हणून. आपल्या एसटी स्टँडवर लाउडस्पीकर झोपू देत नाही, इथे उठवायला कोणी नसतं. ट्रान्सफर काउंटरवर गेलो तेव्हा कळलं की प्रवासीच न आल्यामुळे आमच्या बॅगाही विमानातून उतरवल्या होत्या. दंड आणि भाड्यातला फरक भरून मध्यरात्रीनंतरच्या विमानात जागा मिळाली. पैशांचं दुःख ओसरलं. सत्तरीच्या आईला आणखी पाच तास खुर्चीत बसवलं, याचं अजून ओसरलेलं नाही.

त्या दिवसापासून मी जे करते, ते तुम्हीही करावं असं मला मनापासून वाटतं.

आधी झोपा, मग फिरा. उतरल्यावर तासाभरात झोपायची जागा गाठा. १, २ आणि ३ या तिन्ही टर्मिनलांत आत, फुकट, पाय पसरता येतील अशा खुर्च्यांचे कोपरे आहेत. रात्री ते भरलेले असतात. सकाळी रात्रीचे लोक उठून गेलेले असतात, तेव्हा जागा मिळते. साडेआठ ते साडेबारा झोप काढली, तर चुकून दोन तास जास्त झोपलात तरी विमान हातात असतं. दुपारी झोपणाऱ्याला ही सवलत नसते.

गजर लावू नका, टायमर लावा. गजर घड्याळ बघून वाजतो आणि घड्याळ चुकीचं असू शकतं. टायमर फक्त तास मोजतो, त्याला देशाशी काही देणंघेणं नाही. किती तास झोपायचं ते बोटांवर मोजा आणि तेवढ्याचा टायमर लावा. झोपण्याआधी एक मिनिटाचा लावून खरंच वाजतो का ते बघा. इअरफोन काढून ठेवा. फोन आधी चार्ज करा आणि झोपताना खिशात किंवा खांद्याखाली ठेवा. लांबच्या प्लगला लावून झोपणं म्हणजे फोन आणि विमान दोन्हीवर पाणी सोडणं.

दिशा लक्षात ठेवा. पूर्वेकडे जाताना मागच्या देशाच्या वेळेवर राहिलेला गजर उशिरा वाजतो, पश्चिमेकडे जाताना लवकर. म्हणून मेलबर्नहून परत येताना ही चूक झाली, तर फक्त झोप मोडते. भारतातून सिंगापूरला जाताना किंवा लंडनहून दुबई-दोहामार्गे घरी येताना विमान सुटतं. याच कारणानं पश्चिमेला जाऊन आलेले लोक "आम्हाला कधी काही झालं नाही" असं सांगतात. जातानाचा अनुभव सांगतात, येताना ते नशिबानंच वाचलेले असतात.

बरोबर वयस्कर माणूस असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात द्या: विमानाची वेळ, गेट, आणि "समोरच्या पडद्यावर अमुक वाजले की मला उठव". पडद्यावर म्हणा, घड्याळात म्हणू नका. गोळ्यांसाठी घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायचं असेल तर खुशाल ठेवू द्या, पण त्यावर विमान बघायचं नाही हे त्यांना नीट समजावून सांगा. आणि ज्यांची कंबर-गुडघे धरतात, त्यांच्यासाठी टर्मिनलच्या आतच काही तासांच्या हिशेबानं खोली देणारी ट्रान्झिट हॉटेलं आहेत. इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. महाग आहेत, तरी आईबरोबर असताना मी आता तिथेच पैसे घालते. क्रेडिट कार्डावरचा लाउंज हा त्याला पर्याय नाही, तिथे बहुतेक दोन-तीन तासांची मर्यादा असते.

थंडी वाजते. बाहेर विषुववृत्ताचा उकाडा असला तरी आत एसी जोरात असतो. शाल, मोजे आणि आईसाठी कानटोपी हातातल्या पिशवीत हवी, जमा केलेल्या बॅगेत ठेवून उपयोग नाही. दिवे कधीच मालवत नाहीत, डोळ्यांवर काहीतरी लागतंच. पर्सचा पट्टा पायात अडकवून झोपा, बोर्डिंग पास वरच्या खिशात ठेवा.

बाहेर जायचं का?

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियासारख्या काही ठराविक देशांचा वैध व्हिसा असेल, तर पुढच्या प्रवासात ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येण्याची सोय आहे, पण तिला अटी आहेत. जाण्याआधी सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर त्या स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. बाहेर पडायचं तर एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरण्याचा ऑनलाइन फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

ज्युएल हा २०१९ साली उघडलेला काचेचा घुमट इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं. वास्तुकार मोशे सफ्दी यांनी केलेला. मधोमध छतातून ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळतं, छताखालचा जगातला सगळ्यात उंच धबधबा. व्हिसा नसेल तरी हळहळू नका. टर्मिनल २ आणि ३ यांच्या मधली स्कायट्रेन त्या घुमटातूनच जाते. खिडकीशी उभं राहा, काही क्षण पाणी अगदी समोर येतं. आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही त्यासाठी दोनदा उलटसुलट फेऱ्या मारल्या.

शहराची फुकट बससहलही आहे, साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांहून कमी थांबा असलेल्यांसाठी. त्यासाठीही देशात शिरण्याची परवानगी लागते. बारा तासांत झोप आणि सहल दोन्ही बसतात. आठ तासांत नाही. आठच तास असतील तर झोप निवडा.

आत काय बघावं

टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग, आणि तीही उजेडात. रात्री फुलपाखरं पानाखाली गप्प बसलेली असतात. दिवसा त्यांच्यासाठी अननसाचे काप ठेवतात. जवळ जाऊन, न हलता उभे राहा. फुलपाखरू बसतं, आधी पंख दोनदा उघडमीट करतं आणि मग गुंडाळलेली सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी उलगडून अननसात खुपसतं. आई तिथे पाऊण तास उभी होती, गुडघ्याची तक्रार न करता. आत शिरताच उकडतं, म्हणून शाल आधी काढा.

बाकी टर्मिनल २ ची सूर्यफुलं, टर्मिनल १ ची निवडुंगाची बाग, पाय दाबणारी फुकटची यंत्रं. पाय दाबून घ्याच, पुढच्या साडेसात तासांच्या प्रवासात सूज कमी वाटते.

खाणं

घरून दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, लाडू न्या. लोणच्याची बाटली हातातल्या सामानात नको, तेलामुळे ती तपासणीत काढून घेतात. मात्र डबा सिंगापूरलाच संपवा. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू तिथे भरायच्या प्रवासी कार्डावर जाहीर करावी लागते. लपवलेल्या एका फळालाही मोठा दंड होतो. उरलं तर चांगीच्या कचरापेटीत टाका, जीवावर आलं तरी. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली विकत घेऊ नका.

शेवटचे दोन तास

पडद्यावर गेट पुन्हा बघा, ते बदलतं. टर्मिनल १, २, ३ मध्ये हातातल्या सामानाची तपासणी आत शिरताना होत नाही, गेटच्या तोंडाशी होते. म्हणजे दिवसभर भरलेली पाण्याची बाटली नेमकी तिथे अडते. रांगेत उभं राहण्याआधी ती प्या किंवा ओता. रिकामी बाटली आत नेता येते. या रांगेला वीस मिनिटं सहज लागतात, आणि गेट विमान सुटण्याच्या आधी दहा मिनिटं बंद होतं. मी तासभर आधी गेटशी असते. आई तपासणीतून पुढे जाते, ट्रेमधून तिचं घड्याळ उचलते आणि मनगटावर बांधता बांधता समोरच्या पडद्यावरची वेळ मोठ्यानं वाचते.