गोठ्याला लाकूड घेताना झाडाचं नाव विचारू नका, ओंडक्याचं तोंड बघा

गोठा बांधायला काढला की गावात दोन सल्ले फुकट मिळतात. 'सागच घाल, नातवंडं नाव काढतील' हा पहिला आणि 'लाकूड कशाला, लोखंडी पाइप ठोक' हा दुसरा. दुसऱ्याशी माझं भांडण नाही. शेणामुतात उभ्या पाइपचा तळ चार-पाच वर्षांनी कसा दिसतो ते कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन बघा, म्हणजे झालं. मी कोकणात स्वतःचे आणि नातेवाइकांचे मिळून सहा-सात गोठे आणि मांगर (शेतावरची गुराढोरांची, अवजारांची खोपटी) उभे केले आहेत, सगळे लाकडी, वर मंगळोरी कौलं. त्यातला पहिला फसला. का फसला, तेवढंच खरं शिकण्यासारखं आहे.

खांब, तुळया, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड), वासे (आढ्यापासून खाली उतरणारे) आणि रीप (वाशांवर आडव्या ठोकायच्या, कौलं धरणाऱ्या पट्ट्या) यांची लांबी-जाडीसकट यादी मेस्त्रीकडून लिहून घ्या. यादीशिवाय वखारीत गेलात तर वखारवाला सांगेल तेच घेऊन याल.

कुठे काय घालायचं ते सोपं आहे. खांबांना आणि तुळयांना ऐन किंवा किंजळ, ही आपल्याकडची रानझाडं. साग घरचा आणि जुना असेल तर उत्तमच, पण गोठ्यासाठी विकत आणू नका. फणसाला वाळवी सहसा लागत नाही, तो दाराच्या चौकटीला ठेवा. आंबा खांबाला अजिबात नको, माळ्याच्या फळ्यांना चालेल. अकेशिया स्वस्त मिळतो. सरळ सोट मिळाला तर वाशांना घ्या, पण तसा तो दहात दोनदा मिळतो.

आता वखारीत. इथे घाई करू नका.

पहिल्या गोठ्याला मी सागाचे आठ खांब घेतले. तासून, जळकं ऑइल फासून ठेवलेले, सगळे एकसारखे काळपट. साग म्हटल्यावर मीही काही विचारलं नाही. चौथ्या पावसाळ्यानंतर म्हैस एका खांबाला अंग घासत होती आणि खांबाची एक बाजू पापुद्र्यासारखी सुटून आली. आत वाळवीची ओली माती. बोटाने खरवडत गेलो तर मधोमध मनगटाएवढा तपकिरी गाभा ठणठणीत आणि भोवती सगळं भुसकट.

सागाला वाळवी लागत नाही हे गाभ्यापुरतं खरं आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही, मग झाड साग असो की ऐन. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या सागात हा पांढरा भागच भरपूर असतो. त्यापेक्षा म्हाताऱ्या ऐनाचा गाभा मी डोळे मिटून घेईन.

म्हणून ऑइल, रंग किंवा लाल माती फासलेला माल बाजूला करायला सांगा. ओंडक्याचं तोंड, म्हणजे कापलेलं टोक, पटाशीने बोटभर ताजं तासा आणि वर पाणी शिंपडा. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी उठून दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो, कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. ऐनाचा गाभा गडद तपकिरी, काळसर रेघांचा. भोवतालचं फिकट कडं पाण्याने लगेच वेगळं पडतं. आता टेप लावा. पाच इंची चौरस खांबाचा कर्ण सात इंचांच्या थोडा वर जातो, म्हणजे गाभाच निदान सव्वासात इंच व्यासाचा हवा, तेही बारीक टोकाला. जाड बुंधा दाखवून सौदा पक्का करायची वखारीत रीतच आहे. गाभा कमी भरला तर पाचाऐवजी चार इंची खांब पाडा, पण पांढरं घरात आणू नका.

माड मात्र उलटा. त्याचं बाहेरचं लाकूड पोलादासारखं आणि आतलं भुसभुशीत. जुन्या माडाचे वासे पाडताना बाहेरचा भाग ठेवायचा, आतला चुलीत.

साल काढलेल्या ओंडक्यावरच्या चिरा सरळ उभ्या आहेत का तेही बघा. तिरक्या फिरत गेल्या असतील तर तो वासा सुकताना पिळणार आणि वरची कौलं उचलणार.

ओलं की सुकं? वासे सुके हवेत. मधून एक चकती कापून वजन करा, मग चुलीवरच्या फळीवर किंवा ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. 500 ग्रॅमची 400 झाली तर ओल 25 टक्के. मी 20 च्या वर घेत नाही. जाड खांब इतके सुके मिळत नाहीत, आणि ऐन तर सुकताना हटकून तडकतो. त्याला उपाय एकच: ओला असतानाच कापून घ्या, दोन्ही तोंडांना शेण लिंपा, सावलीत, मधून वारा खेळेल अशा लाकडी पट्ट्या घालून रचा आणि एक पावसाळा जाऊ द्या. उन्हात टाकलेला ऐन आठवड्यात फाटतो. अमावास्येला तोडलेलं लाकूड टिकतं म्हणतात, त्यावर मी वाद घालत नाही. रचून ठेवलंत का, एवढंच विचारतो.

स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा हे सगळे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आधी परवानगी, मग कुऱ्हाड. विकत घेताना पावती आणि वाहतूक पास मागून घ्या.

खांब जमिनीत पुरू नका. जांभ्या चिऱ्यावरही थेट नको, तो पाणी पितो. जोत्यावर वीतभर उंच काळा दगड, त्यावर डांबर, त्यावर खांब.

रीप सगळ्यात शेवटी, कौलं अंगणात येऊन पडल्यावर. दोन कारखान्यांच्या कौलांत सूत-दोन सूत फरक पडतो. मी एकदा ऐकीव मापाने आधीच ठोकले होते. एक अख्खी बाजू उपटून पुन्हा ठोकावी लागली, आणि मेस्त्रीने दोन्ही वेळची मजुरी घेतली.