शंभर जणांचे बटाटेवडे : सारणात होणाऱ्या या चुका टाळा

घरच्या चार माणसांसाठी केलेला वडा ज्यांच्या हातून कधी बिघडत नाही, त्यांचंच सारण सोसायटीच्या सत्यनारायणाला दोनशे वडे करताना चिकट होतं. मसाला तोच, हातही तेच, बदलतं ते वाफेचं गणित. एक किलो बटाटे ताटात पसरले की दहा मिनिटांत कोरडे होतात. बारा किलो बटाटे एकाच टोपात राहिले की आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि ती पाणी होऊन परत बटाट्यातच मुरते. वडा फुटणं, सारण गिच्च होणं, आंबणं या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच पाणी असतं.

आधी हिशेब. १०० माणसं, माणशी २ वडे, वर २० जादा, म्हणजे २२० वडे. वड्याला ५० ग्रॅम सारण धरलं तर ११ किलो सारण लागेल. त्यासाठी कच्चे बटाटे १२ किलो घ्या. सालं आणि टाकाऊ भाग जाऊन साडेदहा किलोच्या आसपास उरतात, बाकीचं वजन मसाल्याचं. हिरव्या मिरच्या ४०० ग्रॅम (तिखट लवंगी असेल तर २५०), सोललेला लसूण ४०० ग्रॅम, आलं २५० ग्रॅम, फोडणीचं तेल ३०० मिली, मोहरी ६० ग्रॅम, हळद ३० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, कढीपत्त्याच्या दोन मोठ्या जुड्या, निवडलेली कोथिंबीर ४०० ग्रॅम, लिंबं १०-१२. आवरणाला बेसन अडीच किलो पुरतं, पण ३ किलो आणून ठेवा.

बटाटा कोणत्या महिन्यातला आहे?

ठाण्यात जांभळी नाक्यावर घ्या नाहीतर नवी मुंबईत तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणी उचला, हा प्रश्न आधी विचारा. भाद्रपदातल्या गणपतीला बाजारात येणारा बटाटा बहुतेक शीतगृहातला असतो. थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून सारण गोडसर लागतं. लसूण-मिरची वाढवून ते पूर्ण झाकलं जात नाही. असा बटाटा कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी आणून, गोणीतून काढून, अंधाऱ्या पण वारा खेळणाऱ्या जागी पसरून ठेवला तर गोडवा बराच उतरतो. फ्रिजमध्ये मात्र अजिबात ठेवू नका. दुकानदार ज्याला ‘शुगर फ्री’ म्हणतात तो बटाटा थोडा महाग पडतो, पण गणपतीच्या दिवसांत तोच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

माघी गणपती किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उलट अडचण असते. तेव्हा नवा बटाटा आलेला असतो : पातळ सालीचा, बोटाने घासलं तरी साल निघते असा. त्यात पाणी जास्त असतं आणि तो कुस्करला की चिकटतो. रस्सा भाजीला तो उत्तम, वड्याला नको. शंका असेल तर ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात दोन-तीन बटाटे सोडा. बुडतो तो पिठूळ, वड्याचा. तरंगतो तो पाणचट.

आकार एकसारखा निवडा, साधारण मुठीएवढा. लहान-मोठे मिसळले की लहान फुटून पाणी पितात तोवर मोठ्यांचं मधलं टणकच राहतं. हिरवट बटाटे बाजूला काढा. ते कडू लागतात आणि पोटालाही बरे नाहीत.

उकडताना

सोलून, फोडी करून पाण्यात उकळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. कापलेल्या प्रत्येक बाजूने पाणी आत शिरतं. बटाटे सालीसकट, अख्खे आणि शक्यतो वाफेवर उकडा. १२ लिटरच्या कुकरमध्ये तळाशी जाळी, जाळीखाली पाणी आणि वर साडेचार किलोपर्यंत बटाटे, असे तीन वेळा लावावे लागतात. मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या, मग गॅस बंद. वाफ जिरली की लगेच झाकण काढा. कुकर तसाच थंड व्हायला ठेवला तर झाकणाचं पाणी आत गळत राहतं. सुरी मध्यापर्यंत विनासायास गेली पाहिजे. जरा अडली तर पुढे तीच गुठळी वड्यातून बाहेर डोकावते आणि तिथूनच आवरण तडकतं.

भाड्याच्या मोठ्या टोपात उकडायचे असतील तर बटाटे गार पाण्यात घालून मग आच लावा. उकळत्या पाण्यात टाकले की बाहेरचं गळतं आणि आतलं कच्चं राहतं.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. साल गरम असतानाच काढा, हाताशी ओला पंचा ठेवा. सोललेला बटाटा दोन तुकडे करून परातीत किंवा टेबलावर अंथरलेल्या स्वच्छ सुती कापडावर एकाच थरात पसरा आणि पंखा लावा. पावसाळ्यातल्या ठाण्याच्या दमट हवेत पंख्याशिवाय हे काम होत नाही. २०-२५ मिनिटांनी बटाट्याचा पृष्ठभाग पांढुरका, कोरडा दिसू लागतो. तोवर हात लावू नका. घाई झाली की इथलीच वीस मिनिटं कापली जातात आणि पुढे सगळं निस्तरावं लागतं.

कुस्करताना

मिक्सर, फूड प्रोसेसर, हँड ब्लेंडर यांपैकी काहीही नको. उकडल्यावर बटाट्यातलं पीठ फुगून बारीक कोषांत बसलेलं असतं. कोष सुटे झाले तर सारण मोकळं राहतं, पण पात्याने ते फाटले की आतली खळ बाहेर येते. मग हाताला तार सुटते आणि कितीही मसाला घातला तरी तोंडात गोंदासारखं लागतं. पावभाजीच्या मॅशरने वरून दाबा, घोटू नका. एका वेळी दोन किलोच घ्या. पाव भाग हरभऱ्याएवढ्या फोडींचा राहू द्या, वड्याला त्याच पोत देतात.

एकदा झालेली खळ परत फिरत नाही. सारण नुसतं ओलसर असेल तर ते पसरून वारा द्या आणि जाड पोहे मिक्सरला कोरडे फिरवून तो चुरा मिसळा, १२ किलोला आधी १५० ग्रॅम, फार तर ३००. त्यापुढे सारण घशाला लागतं. पण तार सुटलेल्या सारणाचे वडे करूच नका. चपटे पॅटिस थापून, रव्यात घोळवून तव्यावर परता, खाणाऱ्याला कळणारही नाही.

फोडणी, वाटण, मीठ

वाटणात पाणी घालू नका. आलं-लसूण-मिरची खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या एकदोन झटक्यांत भरड करा आणि फोडणीत त्याचा ओलेपणा जाईपर्यंत परता. हळद गॅस बंद केल्यावर घाला, जळली की सारण कडवटतं.

१२ किलोला एकच फोडणी ओतून मिसळायला गेलात तर एकीकडे पिवळं आणि एकीकडे पांढरं राहतं. ते सारखं करण्याच्या नादात बटाटा मळला जातो. दोन परातींत निम्मं निम्मं करा, फोडणी पळीने सगळीकडे शिंपडा आणि दोन्ही हातांनी खालून वर उचलत मिसळा. मीठ अंदाजाने नको, वजन करून घ्या : सारणाला १२५ ग्रॅम. कोथिंबीर आणि लिंबू सारण पूर्ण गार झाल्यावरच घाला. गरम सारणात कोथिंबीर काळवंडते आणि पाणी सोडते. चव सारणाची घेऊन थांबू नका. एक वडा तळून, पावासोबत खाऊन मगच मीठ-तिखट ठरवा, कारण बेसन आणि पाव दोन्ही चव खाऊन टाकतात.

आवरण आणि तळण

बेसन एकदम सगळं भिजवू नका, एकेक किलो भिजवा. पळीतून पडताना न तुटणारी धार आणि बोट बुडवलं तर बोट न दिसणारा थर, इतकं दाट. किलोला दोन टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन पुरेसं. सोडा घालायचाच तर किलोला अर्धा चमचा, तोही तळायच्या अगदी आधी. आवरणावर लालसर ठिपके दिसले तर तो तिखटाचा दोष नाही. सोड्याशी गाठ पडली की हळद लाल होते, म्हणजे सोडा जास्त झालाय किंवा नीट मिसळला नाही. असे वडे तेलही जास्त पितात.

वडा तेलात फुटत असेल तर क्रमाने तपासा : सारण ओलं आहे का, गोळ्याला भेग आहे का, पीठ पातळ आहे का. पंख्याखाली उघडे ठेवलेले गोळे वरून सुकून तडकतात, म्हणून वळल्यावर कोरडं सुती कापड घाला. तेल १७० ते १८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका : तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. न बुडताच लाल झाला तर आच कमी करा. कढई गच्च भरली की तेल थंड होतं आणि वडे तेलकट निघतात.

वेळेचा हिशेब तर हमखास चुकतो. घरच्या कढईत एका घाण्यात १२ वडे आणि घाण्याला सहा मिनिटं धरली तर २२० वड्यांना जवळजवळ दोन तास लागतात. शेगडी आणि २५ वड्यांची कढई भाड्याने आणली तर तासाभरात होतं. शेगडी मांडवाच्या कापडाखाली लावू नका.

संध्याकाळी सातचा कार्यक्रम असेल तर बटाटे दुपारी दीडला चढवा, आदल्या रात्री नाही. टोपातल्या सारणाचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो आणि नेमका तिथूनच आंबायला लागतो. फसफसलेला वास आला तर लिंबू पिळून वाचवायला जाऊ नका, सगळं टाका. तयार सारण चार तासांत तेलात गेलं पाहिजे.

तळलेले वडे झाकणाच्या डब्यात रचू नका, आवरण मऊ पडतं. जाळीवर किंवा रोळीत एका थरात ठेवा, वर फक्त कागद. उरलेलं सारण त्याच रात्री उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीट परतून सँडविचला किंवा मसाला डोशाला संपवा.