डॅशबोर्डला बारीक तडा गेलाय?
गाडी रोज उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डला कधीतरी केसाएवढा तडा जातोच. लगेच सुपरग्लू ओतू नका. तो वाळून कडक होतो, उन्हाने प्लास्टिक फुगलं-आकसलं की पुन्हा उकलतो. कडेला पांढुरका डाग पडतो तो वेगळाच. त्याऐवजी लवचिक व्हिनाइल फिलर, म्हणजे तडा भरायची पेस्ट, आणा. आधी पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसा, नाहीतर फिलर धरणारच नाही. कडा 240 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या घासा. जुन्या एटीएम कार्डाने फिलर दाबून पातळ थरांत भरा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. मग 400 नंबरचा पेपर आणि वरून व्हिनाइलचा रंग. दाणेदार पोत हुबेहूब जमत नाही, जवळून कळतंच. तडा एअरबॅगच्या झाकणावर असेल तर मात्र हात लावू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.