वर्गात व्हीआर हेडसेट वापरताना मुलांची प्रकृती कशी जपावी

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट म्हणजे आभासी दृश्ये दाखवणारे, डोळ्यांवर बांधायचे उपकरण. त्याची भिंगे नजर एकाच अंतरावर स्थिर ठेवायला लावतात, तर दृश्यातील वस्तू जवळ-दूर भासत असल्याने दोन्ही डोळे सतत आत-बाहेर वळत राहतात. या ओढाताणीतून डोळे शिणतात आणि डोके दुखते. शिवाय डोळ्यांना दिसणारी गती कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला जाणवत नाही, म्हणून घाटातल्या एसटीत होते तशी मळमळ होते.

मेटा कंपनीचा ‘क्वेस्ट’ हा व्हीआर हेडसेट 10 वर्षांखालील मुलांसाठी नाही, हे शिक्षकांनी आधी लक्षात घ्यावे. फिट्स, अर्धशिशी किंवा तिरळेपणा आहे का, हे पालकांकडून लेखी विचारून घ्यावे. भिंगांमधील अंतर प्रत्येक मुलासाठी जुळवावे, त्याला खुर्चीवर बसवावे आणि पहिले सत्र दहा मिनिटांपलीकडे नेऊ नये. मळमळ किंवा गरगर होताच हेडसेट काढावा. ‘सवय होईल’ म्हणून मुलाला बसवून ठेवणे मला सर्वथा चुकीचे वाटते.

मुंबईच्या दमट हवेत हेडसेटची चेहऱ्याला टेकणारी गादी घामाने भिजते, आणि 2023च्या पावसाळ्यात येथे डोळ्यांची साथ कशी पसरली होती हे आपण पाहिले आहे. म्हणून प्रत्येक मुलानंतर गादी जंतुनाशकाने पुसावी, भिंगे मात्र कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत, आणि डोळे आलेल्या मुलाला हेडसेट देऊच नये.

सत्र शाळा सुटताना ठेवू नये. तोल पूर्ववत होण्यास वेळ लागतो, आणि त्याच अवस्थेत मुलाने रस्ता ओलांडणे किंवा गर्दीची लोकल पकडणे धोक्याचे आहे.