बीपी नॉर्मल लिहून मी पुढच्या बेडकडे गेले होते

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पुण्यातच एका प्रायव्हेट हॉस्पिटलला लागले त्याला आता सहा वर्षं झाली, सगळी मेल-फिमेल मेडिकल आणि सर्जिकल वॉर्डातच गेली. दरवर्षी नवीन मुली येतात, पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न, सिस्टर तुम्हाला पेशंट बिघडतोय हे कळतं कसं? मलाही कळत नव्हतं. कसं कळायला लागलं ते सांगते.

ऑगस्ट-सप्टेंबरला पुण्यात डेंग्यूचे पेशंट किती असतात ते वेगळं सांगायला नको, एक्स्ट्रा बेड टाकावे लागतात. माझं पहिलंच वर्ष, इव्हिनिंग ड्युटी. सात नंबरला एक तरुण मुलगा, तापाचा पाचवा दिवस, आणि त्या दिवशी दुपारपासून ताप उतरलेला. आई एकदम खुश, पपईच्या पानांचा रस लागू पडला म्हणून सगळ्या वॉर्डाला सांगत होत्या, आणि मला दर तासाला एकच, सिस्टर प्लेटलेट किती आल्या? मी टीपीआर (टेम्परेचर, पल्स, श्वास) घेतला, टेम्परेचर नॉर्मल, पल्स ११४, बीपी १०२/८६. पोट दुखतंय म्हणाला, मी म्हणलं ॲसिडिटी असेल, काही खाल्लं नाहीस ना. चार्टवर लिहिलं आणि आठ नंबरला गेले.

इनचार्ज सिस्टर मागून येत होत्या. त्यांनी चार्ट बघितला, मुलाच्या अंगावरचं पांघरूण पायाकडून वर केलं आणि नुसता तळपायाला हात लावला. गार. मग विचारलं, लघवीला कधी गेला होतास? त्यालाही आठवेना, आईलाही आठवेना, आणि माझ्या आउटपुटच्या रकान्यात सकाळनंतर काहीच नव्हतं! माझ्याकडे वळून म्हणाल्या, १०२ मधून ८६ वजा कर. सोळा.

एवढंच होतं. वरचा आकडा शंभराच्या वर म्हणून मी निर्धास्त, पण दोन आकड्यांमधला फरक २० किंवा त्याच्या खाली आला की डेंग्यूत तो शॉक धरतात, म्हणजे अवयवांना रक्त पुरेसं पोचत नाही, वरचं बीपी पडायची वाट बघायची नसते. आणि ताप उतरतो तेव्हाच हा धोक्याचा काळ सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपायला लागतं. प्लेटलेटवरून हे झिरपणं नीट कळत नाही, हिमॅटोक्रिटवरून (रक्तात लाल पेशी किती टक्के, पाणी गेलं की वाढतं) कळतं, सीबीसीच्या म्हणजे रक्ततपासणीच्या रिपोर्टवर पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेलं असतं बघा. त्याचं सकाळी ४१ होतं, रात्री ५० आलं. २० टक्के वाढ म्हणजे चांगलंच लीक. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, सुस्ती हे वॉर्निंग साइन्स मला परीक्षेत तोंडपाठ होते, पाच मार्कांना लिहिलेसुद्धा होते, आणि समोर मुलगा पोट धरून बसलाय तर मी ॲसिडिटी म्हणतेय.

मुलगा आयसीयूत गेला, सलाईन जोरात चालू झालं, तीन दिवसांनी परत वॉर्डात आला, ठीक होता. पण तेव्हा सिस्टरनी अजून एक शिकवलं, लीक साधारण २४ ते ४८ तासांत थांबतं आणि बाहेर गेलेलं पाणी परत नसांमध्ये यायला लागतं, तेव्हा सलाईन तसंच धो धो चालू राहिलं तर पेशंटला दम लागतो. म्हणजे काल ज्या सलाईनने वाचवलं तेच आज बुडवू शकतं, म्हणून त्या दिवशी श्वास मोजायचे.

श्वासावरून आठवलं, खरं सांगा, तुमच्या चार्टवर सगळ्यांचं रेस्पिरेशन २० असतं की नाही? आमच्याही असायचं, कोणी मोजतच नाही. इंग्लंडमध्ये पेशंट बिघडतोय का हे बघायला न्यूज-२ म्हणून स्कोअर वापरतात, २०१७ चा आहे, त्यात श्वास २५ किंवा वर गेला की एकट्या त्याचेच ३ पॉइंट. मनगट धरून पल्स मोजायचं नाटक करा आणि छाती बघा, पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो.

सर्जिकलला पण हेच, फक्त जागा वेगळ्या. ऑपरेशननंतर साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० एमएल लघवी हवी, कमी दिसली तर फोन करायच्या आधी युरोबॅगची (लघवीच्या पिशवीची) नळी मांडीखाली दबली नाही ना ते बघा (मी एकदा न बघता आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, बोलावलंय, जाऊ दे). आणि मेटोप्रोलॉल (बीपीची गोळी) चालू असलेल्या आजोबांची पल्स ७८ बघून रक्तस्राव नाही असं समजू नका, गोळी पल्स वाढूच देत नाही.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली मांडलंय की नर्स आधी टिपते, मग अर्थ लावते, मग करते, मग मागे वळून बघते. आपल्याकडे केअर प्लॅन सीनियरच्या फाईलवरून उतरवतात, सगळ्यांना 'फ्लुइड व्हॉल्यूम डेफिसिट' (अंगातलं पाणी कमी), त्यामुळे दुसरी पायरीच गळते. मी एक छोटी वही ठेवली, राऊंडच्या आधी प्रत्येक पेशंटपुढे एक ओळ, आज याचं काय बिघडू शकतं. पहिले दोन महिने जवळजवळ सगळं चुकलं.

आणि फोन. "सर, सात नंबर बरा वाटत नाहीये" असं बोललात तर सर झोपेतच बघतो म्हणणार. असं बोला, "सर, सात नंबर, डेंग्यू पाचवा दिवस, ताप उतरलाय, बीपी १०२/८६, पल्स ११४, पाय गार, सकाळपासून लघवी नाही, पोट दुखतंय, शॉकमध्ये चाललाय असं वाटतंय, तुम्ही या, तोवर सीबीसी पाठवू का?" ओरडले तर ओरडू देत, किती वाजता फोन केला ते नोट्समध्ये लिहा, नाही आले तर वरच्यांना लावा.

घड्याळ सेकंद काट्याचंच घ्या, खिशाला अडकवायचं, मनगटावरचं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मोबाईलवर श्वास मोजायला गेलात तर नातेवाईकांना वाटतं सिस्टर व्हॉट्सॲप बघतायत.