सडक्या फळभाज्यांचं खत: विरजण लावा, पण ढवळत राहा

चोइथराम मंडीतून स्वस्तात आणलेल्या पेटीतले निम्मे टोमॅटो तिसऱ्या दिवशी मऊ पडतात. इंदुरात असा ओला कचरा गाडीत वेगळा टाकला की देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा बायो-सीएनजी होतो, ही सोय उत्तमच आहे. पण गच्चीवर चार कुंड्या असतील तर तो घरातच जिरवावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या गावाचा तर कंपोस्टवर हक्कच आहे. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सोबतीने कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते.

आधी विरजण. ‘वेस्ट डीकंपोजर’ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंची, छोटी बाटली कृषी दुकानात मिळते. तिचं मूळ प्रमाण २०० लिटर पाणी आणि २ किलो गूळ असं आहे. घरासाठी २० लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात बाटलीतला थोडा अंश घाला. नर्मदेचं नळाचं पाणी मात्र रात्रभर उघडं ठेवून वापरा, कारण त्यातला क्लोरीन जीवाणूंनाही मारतो. बादलीवर कापड बांधून सावलीत ठेवा आणि दिवसातून दोनदा काठीने ढवळा. पाच ते सात दिवसांत पाणी तयार होतं. बाटली मिळाली नाही तर ताजं शेण पाण्यात कालवलं तरी चालतं. जीवाणू शेणातही भरपूर असतात.

आता ड्रम. प्लास्टिकच्या ड्रमला बुडाशी आणि चहूबाजूंनी बोटभर भोकं पाडून तो विटांवर ठेवा. तळाशी काड्या आणि नारळाच्या शेंड्या पसरा. फळभाज्या दोन इंचांपर्यंत चिरा. आंब्याच्या कोया बाजूला काढा आणि तेलकट, शिजलेलं अन्न घालू नका.

सगळं अडतं ते थर लावताना. फळभाज्यांत ८०-९० टक्के पाणीच असतं. माझा पहिला ड्रम नुसत्या पपई-टरबुजांनी भरला होता. आठ दिवसांत त्याचा आंबट चिखल झाला आणि शेजारच्या काकूंना खिडकी बंद ठेवावी लागली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. जीवाणू होते, पण चिखलात हवा नव्हती. हवेवर जगणारे जीवाणू गुदमरले की बिनहवेचे माजतात आणि दुर्गंधी सुटते. म्हणून एक बादली ओल्यावर दोन बादल्या सुकं घाला: वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेले पुठ्ठे. माळव्यात सोयाबीनचं भूसही सहज मिळतं. प्रत्येक थरावर विरजणाचं पाणी शिंपडा, ओतू नका. वरचा थर कायम सुक्याचा ठेवा म्हणजे चिलटं येत नाहीत. मूठ आवळली की एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल हवी.

दही लावल्यावर भांडं हलवत नाहीत, इथे उलट. आठवड्यातून एकदा सगळं खालीवर करा. तीन-चार दिवसांत आतलं गरम लागलं तर काम सुरू झालं. मोठ्या ढिगात उष्णता ५५-६० अंशांवर जाते, ड्रममध्ये तेवढी बहुधा जात नाही. त्यामुळे बिया मरत नाहीत आणि खतातून पुढे टोमॅटोची रोपं उगवतात. ती मी आनंदाने लावते.

आंबट वास आला तर पाला वाढवा आणि ढवळा. सडक्या अंड्यासारखा आला तर सगळं बाहेर काढून मोकळं करा. नाकात झोंबला तर भुसा घाला. गुबगुबीत अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. खाली गळणारं पाणी दहापट पातळ करून झाडांना द्या.

दोन-तीन महिन्यांत काळपट, भुसभुशीत माल हाती येतो. पहिल्या पावसासारखा वास आला की तो चाळा, पंधरा दिवस सावलीत मुरू द्या आणि तीन भाग मातीत एक भाग मिसळा. चाळणीवर उरलेलं जाडंभरडं पुढच्या ड्रमच्या तळाशी टाका, पुढचं विरजण तेच.